फॉन्ट एका ओळीत लिहायचा की सुट्या ओळींत? सीएसएसमधल्या फॉन्ट शॉर्टहँडची पूर्ण उकल

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, अक्षरांचं रूप ठरवायचे दोन रस्ते आहेत. फॉन्ट-साइझ (आकार), फॉन्ट-वेट (जाडी), लाइन-हाइट (ओळीची उंची), फॉन्ट-फॅमिली (फॉन्टचं नाव) अशा सुट्या प्रॉपर्टी एकेक करून लिहायच्या, किंवा 'फॉन्ट' या शॉर्टहँडमध्ये सगळं एका ओळीत बसवायचं. क्लासमध्ये आणि व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा सांगतात की काम दोन्हींचं एकच, शॉर्टहँडनं फक्त टायपिंग वाचतं. हे बरोबर नाही. शॉर्टहँड तुम्ही लिहिलेलं लावतं, आणि जे लिहिलं नाही तेही ठरवून टाकतं: ज्या गोष्टींचा उल्लेख केला नाही, त्या सगळ्या मूळ व्हॅल्यूवर नेऊन ठेवतं. कुठं काय वापरायचं हा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर उभा आहे. मराठी मजकूर असेल तर त्याची किंमत जरा जास्तच मोजावी लागते, म्हणून हा लेख मराठी पानं बनवणाऱ्यांसाठी.

मी सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेबसाइट बनवते. उदाहरण म्हणून मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं रोजच्या भावाचं पान घेऊ. त्यावर हळद आणि बेदाण्याचा तक्ता आहे: किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वर मथळा, खाली सौद्याची माहिती देणारे दोन परिच्छेद, आणि शेतकऱ्यानं नाव-नंबर टाकून चौकशी करायचा छोटा फॉर्म. एवढ्याशा पानावर फॉन्टचे जवळजवळ सगळे प्रश्न भेटतात.

एक सूचना आधीच. या लेखात कोडसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. फाइलमध्ये लिहिताना प्रॉपर्टींची नावं, व्हॅल्यू आणि आकडे नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाका.

पायरी १ : शॉर्टहँडचं व्याकरण पक्कं करा

पूर्ण ओळ अशी दिसते:

```
फॉन्ट: इटॅलिक ६०० १.२५रेम/१.६ "मुक्ता", सॅन्स-सेरिफ;
```

'रेम' हे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत मोजायचं एकक. या ओळीतल्या दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत, साइझ आणि फॅमिली. यातलं एक जरी राहिलं, तर ब्राउझर पूर्ण ओळ सोडून देतो; अर्धी लावत नाही. 'फॉन्ट: बोल्ड १६पीएक्स;' एवढंच लिहिलं तर बोल्डही लागणार नाही आणि १६ही लागणार नाही.

साइझच्या आधी स्टाइल (सरळ की तिरकं), व्हेरिअंट (अक्षराचा पर्यायी प्रकार), वेट आणि स्ट्रेच (अक्षराची रुंदी) येऊ शकतात. या चौघांचा आपापसात क्रम कसाही चालतो, पण सगळे साइझच्या आधीच हवेत. साइझला चिकटून तिरकी रेघ आणि तिच्यापुढं लाइन-हाइट. शेवटी फॅमिली. तिरक्या रेघेची ही पद्धत छापखान्यातून आली: १२ पॉइंटचा टाइप १४ पॉइंटच्या ओळीत बसवायचा असेल तर १२/१४ असं लिहायची तिथं रीत होती. डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर केली, तेव्हापासून ही प्रॉपर्टी जवळजवळ त्याच रूपात आहे.

क्रम चुकला तर काय होतं हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण दोन चुका दिसायला सारख्या आणि परिणामाला वेगळ्या आहेत. 'फॉन्ट: १६पीएक्स ६०० मुक्ता;' असं लिहिलं, तर साइझनंतर आकडा आल्यामुळे ओळ चुकीची ठरते. डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या कोड तपासायच्या खिडकीत, ती खोडलेली दिसते, आणि चूक सापडते. पण 'फॉन्ट: १६पीएक्स बोल्ड मुक्ता;' असं लिहिलं, तर ओळ बरोबर ठरते! साइझच्या पुढचं सगळं फॅमिली, म्हणून ब्राउझर 'बोल्ड मुक्ता' याच नावाचा फॉन्ट शोधायला लागतो. तसा फॉन्ट नसतो, मग ब्राउझरचा डीफॉल्ट फॉन्ट येतो आणि बोल्डही होत नाही. डेव्हटूल्समध्ये ओळ खोडलेली नसते. नावाला अवतरण चिन्हं असती, तर हीच ओळ चुकीची ठरून लगेच नजरेत आली असती. म्हणून फॉन्टच्या नावाला अवतरण चिन्हं घालायची सवय ठेवा, नाव एकाच शब्दाचं असलं तरी.

मराठीत आणखी एका कारणानं ही सवय लागते. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू २' हा फॉन्ट आपल्याकडच्या बऱ्याच साइटवर दिसतो. त्याच्या नावात सुटा आकडा आहे, आणि अवतरण चिन्हांशिवाय सुटा आकडा फॉन्टच्या नावात चालत नाही. चिन्हं विसरली की अख्खी ओळ बाद. सुट्या प्रॉपर्टी वापरल्या असत्या तर फक्त फॅमिलीची ओळ गेली असती, साइझ आणि वेट टिकले असते. शॉर्टहँडमध्ये एकाच्या चुकीनं सगळेच जातात.

पायरी २ : न लिहिलेलं काय काय पुसलं जातं ते बघा

हा भाग सावकाश वाचा. शॉर्टहँडमध्ये लिहिता येतं पण तुम्ही लिहिलं नाही, असं काही राहिलं तर ते मूळ जागी जातं: स्टाइल नॉर्मल, वेट ४००, स्ट्रेच नॉर्मल, लाइन-हाइट नॉर्मल. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असलेली गोष्ट अशी, की शॉर्टहँडमध्ये जे लिहिताच येत नाही तेही पुसलं जातं. फॉन्ट-व्हेरिअंटच्या सगळ्या पोटप्रॉपर्टी, त्यात आकड्यांची फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमरिक आली. फॉन्ट-कर्निंग, फॉन्ट-फीचर-सेटिंग्ज, फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज, फॉन्ट-साइझ-अ‍ॅडजस्ट, फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड, फॉन्ट-ऑप्टिकल-सायझिंग. ही सगळी मंडळी एका ओळीनं मूळ जागी जातात.

आता आपला तक्ता घ्या. दरांचे आकडे एकाखाली एक नीट यावेत म्हणून तक्त्याला हे दिलेलं आहे:

```
.भाव-तक्ता {
  फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स;
}
```

टॅब्युलर-नम्समुळे प्रत्येक आकडा सारख्या रुंदीचा होतो, अर्थात फॉन्टमध्ये ती सोय असेल तर. एकाचा आकडा बारीक आणि आठाचा रुंद असला, की ११,१०० आणि १८,४५० एकाखाली एक लिहिल्यावर स्तंभ वाकडे होतात. सारख्या रुंदीनं ते सरळ उभे राहतात. ही प्रॉपर्टी वारशानं खाली उतरते, त्यामुळे तक्त्याला दिली की प्रत्येक घराला आपोआप मिळते.

नंतर कुणी तरी तक्त्यातली अक्षरं थोडी लहान करायला सांगतं, आणि ओळ पडते ती अशी:

```
.भाव-तक्ता टीडी, .भाव-तक्ता टीएच {
  फॉन्ट: ०.९५रेम "मुक्ता", सॅन्स-सेरिफ;
}
```

टीडी म्हणजे तक्त्यातलं साधं घर, टीएच म्हणजे मथळ्याचं घर. हेतू फक्त साइझ बदलायचा होता. झालं काय? घरांना वारशानं आलेलं टॅब्युलर-नम्स गेलं, कारण शॉर्टहँडनं प्रत्येक घरावर फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमरिक नॉर्मल म्हणून नव्यानं लिहिलं. 'किमान दर', 'कमाल दर' हे मथळे ब्राउझर स्वतःहून ठळक करतो, तो ठळकपणा गेला. पानाला दिलेली लाइन-हाइट गेली आणि ओळींमधलं अंतर बदललं. दुकानाचे मालक कोड बघत नाहीत, ते पान बघतात आणि म्हणतात, "ओ, हे आकडे एकाखाली एक येईनात की, काल तर नीट होते." काल आणि आजमध्ये बदलली फक्त ती ओळ, पण ती ओळ आकड्यांविषयी काही बोलतच नाही, त्यामुळे शोधणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही. तासभर टॅब्युलर-नम्सच्या ओळीवरच डोकं खाजवणारी पोरं मी पाहिली आहेत. दुरुस्ती एवढीच:

```
.भाव-तक्ता टीडी, .भाव-तक्ता टीएच {
  फॉन्ट-साइझ: ०.९५रेम;
}
```

यातून माझा नियम निघतो. ओळ लिहिण्याआधी स्वतःला विचारा: या ठिकाणी अक्षरांचं सगळं रूप मला नव्यानं ठरवायचंय, की त्यातली एक गोष्ट बदलायचीय? सगळं ठरवायचं असेल तर शॉर्टहँड. एक गोष्ट बदलायची असेल तर त्या गोष्टीची सुटी प्रॉपर्टी. रोजच्या कामात दुसरा प्रकार कितीतरी जास्त वेळा येतो, म्हणून फाइलमध्ये शॉर्टहँडच्या ओळी मोजक्याच असायला हव्यात.

रंग, लेटर-स्पेसिंग, वर्ड-स्पेसिंग, टेक्स्ट-अलाइन यांना शॉर्टहँड हात लावत नाही. ती वेगळ्या कुळातली आहेत.

पायरी ३ : पाया एकदाच, शॉर्टहँडनं

सगळं नव्यानं ठरवायची पहिली जागा म्हणजे बॉडी. इथं शॉर्टहँड वापरावं असंच मी सांगेन, कारण पाया कसा आहे हे एका नजरेत दिसतं आणि आधीचं काही चुकून शिल्लक राहत नाही.

```
बॉडी {
  फॉन्ट: ४०० १००%/१.७ "मुक्ता", "नोटो सॅन्स देवनागरी", "निर्मला यूआय", सॅन्स-सेरिफ;
}
```

यातली प्रत्येक व्हॅल्यू विचार करून घेतली आहे. साइझ पिक्सेलऐवजी टक्क्यांत दिली, कारण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवणाऱ्यांची निवड त्यामुळे टिकते. भाव बघणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात आणि त्यांच्या मुलांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून दिलेली असतात. १६ पिक्सेल ठोकून दिलं की ती सोय वाया जाते. निर्मला यूआय विंडोजमध्ये आधीपासून असतो, म्हणून वेब फॉन्ट उतरला नाही तरी मराठी बरं दिसतं. शेवटी सॅन्स-सेरिफ हे सर्वसाधारण नाव कायम ठेवा. त्याला मात्र अवतरण चिन्हं घालायची नाहीत, घातली तर ब्राउझर त्या नावाचा खराखुरा फॉन्ट शोधतो.

लाइन-हाइटला एकक नाही, नुसता १.७ आहे. हे फार महत्त्वाचं आहे. १६पीएक्स/२७पीएक्स किंवा १००%/१७०% असं लिहिलं, तर ब्राउझर आधी पिक्सेलमध्ये उंची काढतो आणि तोच तयार आकडा खाली वारशानं देतो. मग ३२ पिक्सेलच्या मथळ्यालाही २७ पिक्सेलच उंचीची ओळ मिळते आणि दोन ओळींचा मथळा एकमेकांत घुसतो. नुसता आकडा दिला तर वारशानं गुणक उतरतो आणि प्रत्येक जण आपापल्या साइझनं तो गुणून घेतो.

मराठीत १.७ का? इंग्रजी पानांवर १.४, १.५ चालून जातं. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, शिवाय 'ट्ठ', 'द्ध' यांसारखी खाली वाढणारी जोडाक्षरं. 'मूर्ती' आणि 'कर्तृत्व' हे शब्द वरच्या-खालच्या ओळींत समोरासमोर आले की १.४ मध्ये वरचा ऋकार आणि खालचा रफार एकमेकांना भिडतात. परिच्छेदाला १.६ ते १.८, मथळ्याला १.३ ते १.४ हे माझे नेहमीचे आकडे. शेवटचा निवाडा फॉन्ट बघून करा. आणि लाइन-हाइट न लिहिता शॉर्टहँड वापरलं तर 'नॉर्मल' येतं. नॉर्मल म्हणजे फॉन्टच्या फाइलमध्ये जी उंची लिहिलेली असेल ती, म्हणजे प्रत्येक फॉन्टची वेगळी. वेब फॉन्ट उतरेपर्यंत एक उंची आणि उतरल्यावर दुसरी, त्यामुळे पान डोळ्यांसमोर उडी मारतं. शॉर्टहँड लिहायचं तर लाइन-हाइट लिहायचीच, याला मी अपवाद ठेवत नाही.

आणखी एक. जुन्या साइटला हात लावत असाल तर पानाच्या अगदी वर डॉकटाइप (पान कोणत्या पद्धतीनं वाचायचं ते ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का बघा. तो नसला तर ब्राउझर जुन्या क्वर्क्स पद्धतीनं चालतो आणि त्या पद्धतीत तक्त्यात फॉन्टची साइझ, वेट, स्टाइल वारशानं उतरत नाहीत. मग बॉडीला कितीही छान पाया घाला, तक्ता वेगळाच दिसतो. आधी डॉकटाइप घाला, मग फॉन्टकडे वळा.

पायरी ४ : फॉर्मला वारसा द्या

बॉडीला मुक्ता दिला तरी चौकशीच्या फॉर्ममधली खोकी आणि 'पाठवा' हे बटण वेगळ्याच फॉन्टमध्ये दिसतात. ब्राउझर आपल्या स्वतःच्या स्टाइलमध्ये या घटकांना वेगळा फॉन्ट लावतो, म्हणून वारसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. क्रोममध्ये ती साइझ साधारण १३.३३ पिक्सेल असते, मराठी नाव टाइप करायला फारच लहान. इथं मात्र शॉर्टहँडचा तो सगळं पुसण्याचा गुण अगदी कामाला येतो:

```
इनपुट, बटन, सिलेक्ट, टेक्स्टएरिया {
  फॉन्ट: इन्हेरिट;
}
```

एका ओळीत साइझ, वेट, फॅमिली, लाइन-हाइट, आकड्यांची रुंदी, सगळं आईबापांकडून. सुट्या प्रॉपर्टींनी हेच करायचं तर सात-आठ ओळी लागल्या असत्या आणि एखादी हमखास राहिली असती. रंगही वारशानं हवा असेल तर 'कलर: इन्हेरिट' वेगळं लिहा, तो या ओळीत येत नाही. या ओळीचा आणखी एक फायदा आयफोनवर दिसतो. १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर असलेल्या खोक्यात बोट ठेवलं की सफारी पान मोठं करून टाकते. बॉडीची १००% साइझ वारशानं आली की हा झटका बसत नाही.

इन्हेरिट, इनिशिअल, अनसेट, रिव्हर्ट हे शब्द नेहमी एकटेच लिहायचे. 'फॉन्ट: बोल्ड इन्हेरिट' असं काही चालत नाही. कॅप्शन, मेनू, स्टेटस-बार असे सिस्टिमचा फॉन्ट घेणारे शब्दही आहेत, तेही एकटेच लागतात. व्यापाऱ्याच्या पानावर त्यांची गरज पडत नाही.

पायरी ५ : पायानंतर सुट्या ओळी

मथळे, टिपा, तक्ते, तळटीप या सगळ्यांना जे वेगळं हवं तेवढंच द्या:

```
एच१ {
  फॉन्ट-साइझ: १.९रेम;
  लाइन-हाइट: १.३५;
}
.टीप {
  फॉन्ट-साइझ: ०.९रेम;
}
```

मथळा ब्राउझर मुळातच ठळक करतो, म्हणून वेट लिहायची गरज नाही. इथं 'फॉन्ट: १.९रेम/१.३५ "मुक्ता"' असं लिहिलं असतं तर मथळा बारीक झाला असता आणि मग बोल्ड परत लिहावं लागलं असतं.

मोबाइलसाठीच्या मीडिया क्वेरीत, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे लागणाऱ्या नियमांत, ही शिस्त सगळ्यात जास्त लागते. तिथं आपण जवळजवळ नेहमी साइझ किंवा लाइन-हाइटच बदलत असतो, आणि तिथंच लोक डेस्कटॉपची शॉर्टहँड ओळ उचलून आकडा बदलून चिकटवतात. पुढं एक दिवस डेस्कटॉपचा फॉन्ट बदलतो आणि मोबाइलवर जुनाच राहतो, कारण फॅमिली दोन ठिकाणी लिहिलेली असते. मीडिया क्वेरीच्या आत शॉर्टहँड दिसलं की मी ते खोलून सुटं करते.

पायरी ६ : क्रम आणि जोर

एकाच नियमात दोन्ही वापरायचे असतील तर शॉर्टहँड आधी, सुट्या ओळी नंतर. उलटं केलं तर शॉर्टहँड आधीचं पुसतं:

```
.मथळा {
  फॉन्ट-वेट: ७००;
  फॉन्ट: १.५रेम/१.४ "मुक्ता", सॅन्स-सेरिफ;
}
```

हा मथळा ४०० वेटचा होणार. दोन वेगळ्या नियमांत असतील तर नेहमीचे कॅस्केडचे कायदे लागतात: ज्या सिलेक्टरचं (नियम कुणाला लागतो ते सांगणाऱ्या भागाचं) वजन जास्त तो जिंकतो, वजन सारखं असेल तर नंतरचा जिंकतो. पण लक्षात ठेवायचं असं, की शॉर्टहँड जिंकतं तेव्हा त्यानं लपवून लिहिलेल्या नॉर्मल व्हॅल्यूही जिंकतात.

याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे शॉर्टहँडवर 'इम्पॉर्टंट', म्हणजे ओळीला बाकीच्या साध्या ओळींवर मात करायला लावणारा शब्द. 'फॉन्ट: १४पीएक्स एरिअल !इम्पॉर्टंट' या ओळीत साइझ आणि फॅमिलीच नव्हे, तर लाइन-हाइट नॉर्मल, वेट नॉर्मल, आकडे नॉर्मल हे सगळं इम्पॉर्टंट होतं. वर्डप्रेसच्या काही प्लगिनमध्ये असं सापडतं. अशा वेळी तुमच्या सुट्या ओळी कितीही नंतर आल्या तरी चालत नाहीत. त्या प्रत्येकीला इम्पॉर्टंट लावून नेमकं हवं तेवढंच परत मिळवा, किंवा प्लगिनची स्टाइल बंद करता येते का ते बघा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो.

पायरी ७ : व्हेरिएबल वापरताना

दुकानाच्या पानावर ठरावीक तीन-चार अक्षररूपं असतात. ती व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या व्हॅल्यूत) ठेवायला शॉर्टहँड छान आहे. आणि इथं एक आनंदाची गोष्ट: सीएसएस व्हेरिएबलचं नाव खऱ्या फाइलमध्येही देवनागरीत चालतं.

```
:रूट {
  --मथळा: ७०० १.५रेम/१.४ "मुक्ता", सॅन्स-सेरिफ;
}
एच२ {
  फॉन्ट: वार(--मथळा);
}
```

हे सुरक्षित आहे, कारण पूर्ण रूप एका ठिकाणी ठरलेलं आहे. धोका असतो तो शॉर्टहँडच्या आत तुकड्यातुकड्यानं व्हेरिएबल बसवताना. 'फॉन्ट: वार(--वजन) वार(--माप)/वार(--ओळ) वार(--कुळ)' यातलं एक जरी कुठं घोषित केलेलं नसलं, तर ब्राउझरला ते ओळ वाचताना कळत नाही, व्हॅल्यू काढताना कळतं. तोवर त्याच घटकासाठी वर लिहिलेली चांगली ओळही त्यानं सोडून दिलेली असते. मग फॉन्टच्या सगळ्याच प्रॉपर्टी वारशावर जातात. बॉडीवर असं झालं तर अख्खं पान ब्राउझरच्या डीफॉल्ट फॉन्टमध्ये उघडतं. तुकड्यांची व्हेरिएबल हवीच असतील तर सुट्या प्रॉपर्टींमध्ये वापरा, म्हणजे एक हरवलं तर एकच बिघडेल, नाहीतर प्रत्येकाला पर्यायी व्हॅल्यू द्या, 'वार(--ओळ, १.७)' अशी.

पायरी ८ : फॉन्ट-फेसमध्ये शॉर्टहँड नाही

स्वतःच्या सर्व्हरवरून फॉन्ट देताना लागणाऱ्या फॉन्ट-फेसच्या नियमात शॉर्टहँड चालतच नाही. तिथं सगळं सुटंच:

```
@फॉन्ट-फेस {
  फॉन्ट-फॅमिली: "मुक्ता";
  फॉन्ट-वेट: ४००;
  फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप;
  एसआरसी: यूआरएल("मुक्ता-४००.वॉफ२") फॉरमॅट("वॉफ२");
  युनिकोड-रेंज: यू+०९००-०९७एफ, यू+२००सी-२००डी, यू+२०बी९, यू+२५सीसी;
}
```

युनिकोड-रेंजमधला पहिला पट्टा देवनागरीचा. दुसऱ्यात जोडाक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं आहेत, तिसरं रुपयाचं चिन्ह. ते विसरलं तर भावाच्या तक्त्यात रुपया दुसऱ्याच फॉन्टमधून येतो. लॅटिन अक्षरांसाठी दुसरा फॉन्ट-फेस लिहा, किंवा ही ओळच काढून टाका.

मुक्तात २०० ते ८०० असे सात वेट आहेत, पण आपण सहसा ४०० आणि ७०० एवढेच उतरवतो. मग सीएसएसमध्ये ५०० लिहिलं तर ब्राउझर ४०० घेतो आणि फरक काहीच दिसत नाही. ६०० लिहिलं तर ७०० घेतो. ज्या वेटची फाइल दिली नाही ती शॉर्टहँडमध्ये लिहून उपयोग नाही.

तिरक्या अक्षरांचंही तसंच. मुक्ताला इटॅलिक नाही, म्हणून इटॅलिक लिहिलं की ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो आणि मात्रा-वेलांट्या विचित्र कलतात. पुस्तकी मजकुराला खरं इटॅलिक हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे. त्यात इटॅलिक आहे पण बोल्ड नाही. मराठीत जोर द्यायला मी तिरकं अक्षर टाळून वेट वापरते, आणि 'फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइल: नन' लिहून खोटं तिरकं बंद करते.

मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर एचटीएमएलच्या वरच्या टॅगवर भाषा 'एमआर' लिहा. ज्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी अक्षरं आहेत तो ती आपोआप देतो. हेच काम फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइडनं किंवा फॉन्ट-फीचर-सेटिंग्जनं करायला गेलात, तर कुठल्या तरी शॉर्टहँड ओळीत ते पुसलं जाण्याची भीती आहे. भाषेचा टॅग एचटीएमएलमध्ये असतो, त्याला सीएसएसची कुठलीच ओळ पुसू शकत नाही.

पायरी ९ : जुनी फाइल दुरुस्त करताना

आधीच चालू असलेल्या साइटवर सगळं एकदम बदलू नका. फाइलमध्ये 'फॉन्ट' या शब्दापुढं लगेच अपूर्णविराम असलेल्या ओळी शोधा. सुट्या प्रॉपर्टींमध्ये तिथं जोडरेघ असते, म्हणून शोध स्वच्छ मिळतो. प्रत्येक ओळीपाशी थांबून पायरी २ मधला प्रश्न विचारा. बॉडी, फॉर्म आणि अक्षररूपांच्या व्हेरिएबलमधल्या ओळी सोडून बाकीच्या बहुतेक सुट्या करायच्या निघतील. सुटी करताना डेव्हटूल्सच्या कम्प्युटेड भागात त्या घटकाची लाइन-हाइट, वेट आणि साइझ आधी बघून ठेवा. काही वेळा पान नकळत त्या 'नॉर्मल'वर टेकलेलं असतं. शॉर्टहँड काढल्यावर ओळी अचानक मोकळ्या होतात, बटणाची उंची वाढते, आणि मग ती उंची तुम्हाला मुद्दाम ठरवावी लागते. स्टाइल्सच्या भागात शॉर्टहँडपुढच्या बाणावर क्लिक केलं तर ती ओळ कुठल्या कुठल्या प्रॉपर्टी लावते ते उलगडून दिसतं. नवीन शिकणाऱ्याला हे एकदा दाखवलं की पुढचं बरंचसं समजावून सांगावं लागत नाही.

एकाहून जास्त जण फाइलला हात लावत असतील तर स्टाइललिंट हे सीएसएसमधल्या चुका शोधणारं साधन बसवा. त्यातला 'डिक्लरेशन-ब्लॉक-नो-शॉर्टहँड-प्रॉपर्टी-ओव्हरराइड्स' हा नियम सुट्या ओळीनंतर आलेलं शॉर्टहँड पकडतो. तो एकाच नियमाच्या कंसातली चूक पकडतो, तक्ता आणि घरासारखी वारशातली पकडत नाही; ती नजरेनंच शोधावी लागते. म्हणून बदल झाल्यावर साध्या अँड्रॉइड फोनवर, अक्षरं सगळ्यात मोठी करून, भावाचा तक्ता उघडा: आकडे एका रेषेत आहेत का, मथळे ठळक आहेत का, 'मूर्ती' आणि 'कर्तृत्व' एकमेकांना भिडत नाहीत ना, एवढं बघा आणि मग फाइल वर चढवा.